पत्रांत उरलेली बाग

आमच्या पुण्याच्या वाड्याच्या परसांत जो हौद होता तो चौकोनी होता कीं अष्टकोनी, या प्रश्नावर आम्हां भावंडांत गेलीं कित्येक वर्षें वाद चालू आहे. मी म्हणतों अष्टकोनी; धाकटे बंधु म्हणतात चौकोनी; आणि अक्का म्हणते, "तुम्हां दोघांनाहि तो नीट आठवावयाचा नाहीं. त्यांतलें पाणी तुम्हीं कधीं उपसलें आहे?" वाडा १९८८ सालीं पडला. आज तेथें पांच मजल्यांची इमारत उभी आहे, आणि जेथें हौद, सोनचाफा व प्राजक्त होता तेथें मोटारी उभ्या राहतात. वाड्याचे फोटो आहेत. परंतु ते सारे दिवाणखान्यांतले, नाहींतर मुंजीच्या मांडवांतले. परसाचा फोटो काढावा असें कोणालाहि सुचलें नाहीं. मग परसाचें वर्णन कोणी लिहून ठेवलें असेल, ही गोष्ट तर दूरच राहिली.

हा घरगुती तंटा येथें सांगण्याचें कारण असें कीं, गेल्या उन्हाळ्यांत विलायतेंत मला एक बाग पाहावयास मिळाली. ती साडेतीनशें वर्षें भुईंत गडप झालेली होती, आणि तिच्या हौदाला कोन किती होते याचा निकाल एका जुन्या पत्रानें व कुदळीनें मिळून लावला होता.

माझा पुतण्या नोकरीनिमित्त कॉव्हेन्ट्री शहरीं असतो. मी त्याच्याकडे गेलों त्याच्या दुसऱ्याच रविवारीं तो म्हणाला, "काका, येथून पांच मैलांवर केनिलवर्थचा किल्ला आहे. येतां का?" केनिलवर्थ हें नांव ऐकतांच मी उठून बसलों. कॉलेजांत असतांना सर वॉल्टर स्कॉटची त्याच नांवाची कादंबरी मीं दिव्याखालीं रात्री जागून वाचली होती. राणी एलिझाबेथ, तिचा लाडका सरदार लेस्टर, आणि त्याची दुर्दैवी बायको एमी, यांची ती हकीकत. पुढें इतिहास वाचतांना कळलें कीं, १८२१ सालीं प्रसिद्ध झालेली ही कादंबरी लिहितांना स्कॉटसाहेबांनीं तारखांची खुशाल ओढाताण केली आहे. एमी १५६० सालींच जिन्याखालीं मरून पडलेली आढळली; परंतु कादंबरीकारानें तिला पंधरा वर्षें जिवंत ठेवून १५७५ च्या समारंभांत आणून उभी केली. वाचकाचे डोळे ओले झाले, तें खरें. पण त्यासाठीं इतिहासाला ठकवावें लागलें. त्या दिवशीं मला जें पाहावयास मिळालें त्याची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. ज्या वर्णनाला पुष्कळांनीं फुगवलेलें म्हणावें, तेंच मोठ्या अंशीं खरें निघालें.

गाडी वळण घेऊन थांबली आणि समोर तांबूस दगडांचा प्रचंड भग्नावशेष दिसला. आपल्याकडील किल्ले डोंगराच्या माथ्यावर बसलेले. हा मात्र सखल जागीं. याचें रक्षण कडे करीत नसत, पाणी करी. इ. स. ११२० नंतर लौकरच जेफ्री द क्लिंटन नांवाच्या राजदरबारच्या अधिकाऱ्यानें याचा पाया घातला. पुढें ओढे अडवून किल्ल्याच्या पश्चिमेस व दक्षिणेस शंभरएक एकरांचें कृत्रिम तळें करण्यांत आलें. १२६६ सालीं राजाच्या फौजेनें याला सुमारें सहा महिने वेढा दिला. आंतले लोक लढाईपेक्षां उपासमारीनें व रोगराईनें जेरीस आले तेव्हांच दरवाजे उघडले. तें तळें आज नाहीं. तेथें हिरवें कुरण पसरलेलें आहे. एवढें थोरलें पाणी जेथें नाहींसें होऊं शकतें, तेथें चार वाफ्यांची काय कथा!

१५६३ सालीं राणी एलिझाबेथनें हा किल्ला रॉबर्ट डडलीला दिला, आणि दुसऱ्याच वर्षीं त्याला अर्ल ऑफ लेस्टर केलें. दोघांची ओळख लहानपणापासूनची. राणीची बहीण मेरी गादीवर असतांना दोघेंहि लंडनच्या टॉवरमध्यें एकाच सुमारास कैदेंत होतीं. राणीनें लग्न केलें तर याच्याशींच करील, असें अर्धा युरोप म्हणे. एमीच्या मृत्यूनंतर तर तें बोलणें वाढलें, आणि त्याबरोबर संशयहि वाढला. बारा-पंधरा वर्षें अशींच गेलीं. १५७५ च्या जुलईंत राणी केनिलवर्थला आली तेव्हां तिला बेचाळिसावें वर्ष चालू होतें. ता. ९ ला ती आली आणि २७ ला गेली. एकंदर १९ दिवस. एका प्रजाजनाच्या घरीं तिनें इतका मुक्काम दुसऱ्या कोठेंहि केला नाहीं.

यजमानानें कांहींहि कमी केलें नाहीं. राणीसाठीं त्यानें एक स्वतंत्र उंच इमारतच आधीं बांधून ठेविली होती. तिच्या पोकळ खिडक्यांतून आज आभाळ दिसतें. तळ्यावरून तरंगत्या बेटावर बसून एक जलदेवता राणीच्या स्वागतास आली. दारूकाम झालें, अस्वलांच्या झुंजी झाल्या, नाटकें झालीं. विवाहाचा महिमा सांगणारें एक नाटकहि तयार होतें, पण पावसाचें निमित्त होऊन तें झालेंच नाहीं. बालेकिल्ल्याच्या बुरुजावर मोठें घड्याळ होतें. राणी असेपर्यंत त्याची घंटा वाजूं दिली नाहीं, आणि त्याचे कांटे दोनावर, म्हणजे मेजवानीच्या घटकेवर, स्थिर ठेवले होते. काळाला थांबवून ठेवण्याची ही हौस वाचून प्रथम हंसूं येतें. मग येत नाहीं.

बालेकिल्ल्याच्या उत्तरेस, भिंतीच्या पायथ्याशीं, लेस्टरनें राणीसाठीं बाग केली होती. ही खाजगी बाग. दरबारांतल्या लहानसहान माणसांना तेथें मज्जाव. परंतु राणीच्या लवाजम्यांत रॉबर्ट लँगम नांवाचा एक चौकस गृहस्थ होता. मंत्रिमंडळाच्या दालनाचें दार राखणें हें त्याचें काम. एके दिवशीं राणी शिकारीला गेलेली पाहून त्यानें एड्रियन नांवाच्या माळ्याला वळवलें आणि तो बागेंत शिरला. आंत पाहिलें तें सारें त्यानें लंडनमधील आपल्या मित्राला, एका कापडाच्या व्यापाऱ्याला, पत्रांत लिहून कळविलें. हें पत्र छापलेलें उपलब्ध आहे. तें खरोखर लँगमनें लिहिलें कीं त्याच्या नांवावर दुसऱ्या कोणी विनोदानें लिहिलें, याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. पण लिहिणारा कोणीहि असो, त्याचे डोळे उघडे होते आणि मोजमापाची त्याला विलक्षण आवड होती.

तो सांगतो: बाग एक एकर किंवा थोडी अधिक. किल्ल्याच्या भिंतीलगत १० फूट उंच व १२ फूट रुंद असा लांबलचक चौथरा, त्यावर मऊ हिरवळ. चौथऱ्यावर ओळीनें दगडी गोल, सूच्याकार स्तंभ, आणि लेस्टरच्या घराण्याचें चिन्ह जें अस्वल त्याच्या पांढऱ्या मूर्ति. दोन्ही टोकांना सुगंधी वेलींचे मांडव. खालीं बागेचे सारखे चार भाग. प्रत्येक भागाच्या मध्यभागीं १५ फूट उंचीचा, शेंदरी-जांभळ्या दगडाचा स्तंभ आणि त्याच्या माथ्यावर १० इंचांचा गोळा. चौथऱ्यासमोर पाखरांचें एक घर: २० फूट उंच, ३० फूट लांब, १४ फूट रुंद. त्याच्या कमानींवर हिरे, पाचू, माणकें, नीळ असे रंगांनीं रेखाटलेले, आणि आंत देशोदेशींचे पक्षी. मधोमध संगमरवरी कारंजें. त्याचा हौद अष्टकोनी आणि चार फूट उंच काठाचा. बाजूंवर समुद्रदेवतांच्या कथा कोरलेल्या. हौदांत मासे सोडलेले. मध्यें पाठीला पाठ लावून उभे असलेले दोन धिप्पाड पुरुष, त्यांनीं मिळून पेललेला तीन फुटी गोल, आणि त्यांतून खालीं उडणारें पाणी. शिवाय त्यांत एक खोडी होती. पाहणारा कोरीव कामांत रंगून गेला म्हणजे माळ्यानें गुपचूप एक चावी फिरवावी, आणि पाहुणा नखशिखांत भिजून जावा!

हा इसम दरवाजावरचा शिपाई. पण त्याच्या लिहिण्यांत दिपून जाण्याबरोबर मोजून पाहण्याचीहि वृत्ति आहे. त्याला वाऱ्याची झुळूक, फुलांचा वास, पिकलेली स्ट्रॉबेरी, पाखरांची किलबिल यांचें सुख झालें. आणि तरीहि, घरीं बसलेल्या मित्राला हें सारें दिसावें म्हणून त्यानें फूट आणि इंच दिले. मला वाटतें, स्नेह म्हणतात तो हाच.

पुढची हकीकत लौकर आटोपते. राणीनें लग्न केलें नाहीं. १५७८ सालीं लेस्टरनें दुसरीच एका स्त्रीशीं विवाह केला आणि राणीचा मोठा रोष ओढवून घेतला. १५८८ सालीं तो मरण पावला. पुढें इंग्लंडांत राजा आणि पार्लमेंट यांचें युद्ध झालें. युद्ध संपल्यावर, १६४९ सालीं, हा किल्ला पुन्हां कोणाच्या उपयोगीं पडूं नये म्हणून तो निकामी करण्याचें ठरलें. कर्नल हॉक्सवर्थच्या माणसांनीं बालेकिल्ल्याची उत्तरेकडील भिंत उडवून दिली. तळें फोडून त्याची जमीन केली. उत्तरेकडील भिंत म्हणजे नेमकी बागेवरची. ज्या खिडक्यांतून बाग पाहावयाची, त्याच खिडक्यांचे दगड बागेच्या अंगावर कोसळले. १६५६ सालीं डग्डेलनें आपल्या ग्रंथांत किल्ल्याचा नकाशा छापला. त्यांत बागेची जागा आंखलेली दिसते. त्यानंतर तेथें माती चढली, भाजीपाला झाला, गवत झालें. बाग एका पत्रांत उरली.

आणि त्या पत्रावर विश्वास किती ठेवावयाचा? वर्णन इतकें भरजरी कीं तें अतिशयोक्तीचें वाटावें. विसाव्या शतकाच्या सत्तरीच्या सुमारास त्या जागीं थोडें खोदकाम होऊन जुन्या थाटाची एक बाग करण्यांत आली होती. पण तींत लँगमचें कारंजें नव्हतें, पाखरांचें घर नव्हतें. अखेर २००४ ते २००६ या काळांत, किल्ल्याची व्यवस्था पाहणाऱ्या इंग्लिश हेरिटेज या संस्थेनें ती जागा नव्यानें खणवून पाहिली.

गेलेली बाग खणून काढावयाची म्हणजे काय, हें मला तेथें जाईपर्यंत नीट उमगलें नव्हतें. राजवाडा पडला तरी जोतें राहतें, भांडीं फुटलीं तरी खापऱ्या राहतात; पण फुलांचा वाफा गेला म्हणजे मागें राहतें काय? राहतो तो मातीचा रंग. मनुष्यानें एकदां खड्डा खणला कीं तो पुन्हां बुजविला तरी त्यांतली माती भोंवतालच्या अस्पर्श मातीशीं पूर्वीसारखी एकजीव होत नाहीं. ती किंचित् काळी, किंचित् भुसभुशीत राहते. पायाचे दगड कोणी उकरून नेले तर दगड जातात, पण चराची रेषा राहते. पायवाटेवरची वाळू पातळ थरांत दबून राहते. म्हणून हे लोक पहारीनें खणीत नाहींत. गंवड्याच्या लहान थापीनें बोट-बोट माती खरवडतात आणि प्रत्येक थराचें चित्र काढून मगच खालीं जातात. कारण एकदां काढलेला थर पुन्हां घालतां येत नाहीं. खणणें हें एक प्रकारें ग्रंथ वाचतां वाचतां त्याचीं पानें जाळीत जाणें आहे. जें वाचतांना टिपलें नाहीं तें कायमचें गेलें.

अशा रीतीनें खरवडत जातां जातां, बागेच्या मधोमध, जेथें लँगमनें सांगितलें होतें तेथें, चुन्यांत बसविलेल्या दगडगोट्यांचा एक पाया लागला. त्याच्या कडा स्वच्छ झाल्या तेव्हां दिसलें कीं तो अष्टकोनी आहे. आसपास पांढऱ्या संगमरवराचे कपचे मिळाले. दाराच्या शिपायाचें म्हणणें चारशें तीस वर्षांनीं मातीनें उचलून धरलें! हें वाचलें तेव्हां माझ्या मनांत, कां कोण जाणे, आमच्या हौदाची आठवण येऊन एक कळ उठली.

त्या पुराव्याच्या आधारें सुमारें २१ लाख पौंड खर्चून बाग पुन्हां उभारण्यांत आली आणि २००९ सालीं ती लोकांस खुली झाली. आम्ही बालेकिल्ल्याच्या कमानींतून चौथऱ्यावर आलों आणि ती एकदम खालीं पसरलेली दिसली. मधोमध १८ फुटांचें शुभ्र संगमरवरी कारंजें; भोंवतीं चार चौक; दूर पलीकडे सोनेरी व निळ्या नक्षीचें पाखरांचें घर, आणि त्यांतून खरोखरीच किलबिल येत होती. पुतण्याची सात वर्षांची मुलगी धांवत कारंज्यापाशीं गेली आणि मोठ्यानें कोपरे मोजूं लागली. "आठ, आजोबा!" ती ओरडली. मीं म्हटलें, "बरोबर आहे. तूं एकटीच नव्हेस. पूर्वींहि एकानें मोजले होते."

तरीहि प्रांजळपणें सांगावयाचें तर, पहिला आनंद ओसरल्यावर मन थोडें साशंक झालें. हा संगमरवर इतका नवा कीं डोळ्यांना खुपावा. मागची तांबडी भिंत कित्येक शतकांच्या पावसांत झिजलेली, आणि पुढें हें जणूं काल दुकानांतून आणलेलें. शिवाय सारेंच कांहीं मातीनें सांगितलेलें नाहीं. ते १५ फुटी स्तंभ आज लांकडाचे आहेत, वर दगडासारखा रंग दिलेला. वाफ्यांची नक्षी त्या काळच्या नमुन्यांवरून बेतलेली. फुलें कोणतीं होतीं हें पत्रांत नांवनिशीवार नाहीं, म्हणून सोळाव्या शतकांतील वनस्पतींच्या ग्रंथांवरून कार्नेशन, रानस्ट्रॉबेरी, सुवासिक पाल्याचीं झुडपें अशी योजना केलेली. म्हणजे पाया खरा, मापें खरीं, मधला पुष्कळसा भाग सुजाण तर्काचा. मग हिला लेस्टरची बाग म्हणावयाचें, कीं तिचा देखावा?

चौथऱ्यावरच्या बांकावर बसून मी बराच वेळ याचा विचार केला. आणि माझ्या मनाची समजूत पटली ती अशी. बाग ही वस्तु मुळांतच पुन्हां पुन्हां करावयाची असते. लेस्टरच्या हयातींतसुद्धां १५७५ चीं फुलें १५७६ सालीं नव्हतींच. एड्रियननें तीं नव्यानें लावलीं असतील. दगडाची नक्कल ही नक्कलच. पण रोप मात्र प्रत्येक ऋतूंत अस्सलच उगवतें. दोष नव्यानें करण्यांत नाहीं. दोष, तर्काला पुरावा म्हणून खपविण्यांत आहे. आणि येथें कोणतें दगडानें सांगितलें, कोणतें पत्रानें, कोणतें तर्कानें, हें पाहुण्याला विचारल्यास सरळ सांगतात. स्कॉटसाहेबांपेक्षां ही सचोटी मला अधिक भावली.

निघतांना आणखी एक पत्र आठवलें. मरणापूर्वीं थोडेच दिवस आधीं लेस्टरनें राणीला एक साधें पत्र लिहिलें होतें. तिची प्रकृति कशी आहे याची विचारपूस करणारें. राणीनें त्यावर, हें त्याचें शेवटचें पत्र, अशी स्वहस्तें नोंद केली आणि आपल्या बिछान्याजवळच्या पेटींत तें १६०३ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अंतापर्यंत, जपून ठेविलें. संगमरवर फुटला, तळें आटलें, घड्याळ गेलें; दोन कागद राहिले. एकांत बाग राहिली, आणि दुसऱ्यांत ज्या भावनेपायीं ती लावली होती ती.

घरीं परत आल्यावर मीं तीन वह्या आणल्या. एक स्वतः ठेविली, एक बंधूंना दिली, एक अक्काला. अट एवढीच कीं, दुसऱ्याची वही न पाहतां प्रत्येकानें वाड्याचें परस आठवेल तसें लिहावें, आणि जेथें नक्की आठवत नसेल तेथें तसें लिहावें. माझीं चार पानें झालीं. त्यांत सोनचाफ्याच्या सुवासाचें वर्णन बरें साधलें आहे, असें माझें मत. बंधूंचें दीड पान. अक्काचें एकच पान, पण तें वाचून आम्ही दोघेहि गप्प झालों. तिनें लिहिलें होतें: "हौदाच्या विहिरीकडच्या कडेला सात घागरी ओळीनें राहत, आठवी ठेवली तर पडे. परंतु तुळशीकडच्या बाजूला एक कोपरा तिरपा छाटलेला होता, कारण आईला प्रदक्षिणा घालतांना तो लागे. म्हणून अण्णांनीं गंवडी बोलावून तो तोडवला."

म्हणजे हौद अष्टकोनीहि नव्हता आणि चौकोनीहि नव्हता. त्याला बाजू पांच होत्या. मोटारींच्या खालचा फरशीबंद उकरून हें पडताळून पाहणें आतां कोणाच्या हातीं नाहीं. पण सात घागरींचें माप खोटें असेल असें मला वाटत नाहीं. बंधूंनाहि वाटत नाहीं. अक्काची वही आम्हीं देवघराच्या फडताळांत, कुळधर्माच्या वहीशेजारीं ठेविली आहे.